परतभेट

ह्यांनी वही घातली आहे.
वागळे इस्टेटमधली, शिफ्टच्या हजेरीची.
कारखान्याला टाळं लागलं तेव्हा
कोऱ्या उरलेल्या दोन घरी आणल्या होत्या.
हजर, गैरहजर, रजा असे छापील रकाने.
त्यांवर आता पेनाने: सिंह, बिबट्या, चित्ता.

ऑगस्ट ठरला.
तिकडे तेव्हा कोरडं असतं,
गवत बसलेलं, ओढे आटलेले,
सगळ्यांना एकाच डबक्यावर यावं लागतं.
आमच्याकडे तेव्हा टॉवेल वाळत नाहीत.

नौपाड्यात पेंडुरकरांचा धाकटा
नकाशावर बोट फिरवतो:
जोहान्सबर्ग, तिथून बोट्स्वाना, तिथून बारा जणांचं विमान.
मधल्या गावाला माऊन म्हणतात.
ह्यांनी वहीत लिहिलं, मौन.
नाव फार आवडलं त्यांना.
मी म्हटलं, मग तिथेच राहा चार दिवस.

"दिसण्याची ग्यारंटी किती?"
"खोलीची आहे, काका. जनावराची नसते."
तरी ह्यांनी बिबट्याच्या रकान्यात
शिसपेन्सिलने साठ टक्के घातले.
पेन्सिलने, म्हणजे खोडता येईल.

इथिओपियावरून गेलो तर पिवळ्या तापाची लस,
न गेलो तर तिकीट महाग.
बॅग मऊ हवी, चाकं नकोत,
वीस किलोच्या वर एक रुमालही नाही.
निळं घालायचं नाही, निळ्यावर चावऱ्या माश्या येतात.
माझं अर्धं कपाट निळं.
पहाटे उघड्या जीपमध्ये कडाक्याची थंडी,
म्हणून माळ्यावरून निघाली
महाबळेश्वरला घेतलेली माकडटोपी.
ती घालून सिंहासमोर!
त्याचाही काही मान आहे की नाही?

भरपाईचे पैसे वीस वर्षं बँकेत निजले होते.
पावती मोडताना बाईंनी विचारलं, घरात कुणी आजारी?
हे म्हणाले, नाही, बरे आहोत, म्हणूनच.

मग मंगळवारी रात्री, दोन सत्तेचाळीसला,
तो आला.
येऊरकडच्या भिंतीवरून उतरला,
टिपणिसांच्या मोटारीला वळसा घालून
आमच्या स्कूटरची सीट हुंगली,
पंपाच्या खोलीमागे गेला.
कॅमेऱ्यात नऊ सेकंद.

सभा भरली. दिवे वाढवा, तारा ओढा,
वन खात्याला पत्र द्या.
रामसजीवन वॉचमन दाराशी उभा होता.
म्हणाला, येतो अधूनमधून.
कुणाला काही बोलत नाही.

हे खाली ऑफिसात बसून
तेच नऊ सेकंद पुन्हा पुन्हा लावत राहिले.
वर आले तेव्हा वरण गार झालं होतं.
मी म्हटलं, झालं की. बिबट्या घरपोच, फुकट.
आता नऊ लाख घालवून कशाला जायचं?

ते बराच वेळ भात कालवत बसले.
"तो येऊन गेला," म्हणाले,
"आणि आपण झोपलेलो.
पाणीसुद्धा विचारलं नाही.
आल्या माणसाकडे परत जावं लागतं."

त्याच्याकडे जायला येऊर पुरे,
उपवनपर्यंत रिक्षा जाते.

"इथला माणसांना कंटाळलाय गं.
तिकडे त्याचे भाऊबंद असतील."

त्यावर काय बोलणार? मी ताक वाढलं.

जीपमध्ये हलायचं नाही, बोलायचं नाही,
अशी छापील अट आहे.
म्हणून जेवणानंतर अर्धा तास सराव.
गॅलरीत दिवा मालवून दोन खुर्च्या,
तोंड येऊरकडे.
ह्यांच्या गळ्यात जावयाची दुर्बीण.
समोर नुसता काळोख, त्यात कुठल्याशा बंगल्यावर
कुणाच्या तरी हळदीचा धडधडता डीजे.
तो थांबला की कुत्री.
कुत्री थांबली की काहीच नाही,
आणि त्या काहीच नाहीत
मला वाटतं, भिंतीपलीकडे
कुणीतरी आमच्यासारखंच बसलंय, न हलता.

तेवढ्यात ह्यांचा गुडघा वाजतो.
गेला, मी म्हणते. पळाला तुमचा चित्ता.

"मौन," ते म्हणतात.